रात्री साडेदहाचं पातेलं

आठवड्यातून तीन रात्री मी एका लहानशा हॉटेलच्या मागच्या दाराशी उभी असते. आचारी पातेलं उचलून आणतो, मी डबे पुढे करते आणि पंधरा मिनिटांत ते जेवण बेघरांच्या निवाऱ्यात पोचतं. हे सुरू कसं करायचं, असं बरेच जण विचारतात. मी जे करून पाहिलंय तेवढंच सांगते.

आधी दान मागायला जाऊ नका, गिऱ्हाईक म्हणून जा. ज्याचा गल्ला आज रिकामा, तो उद्या कुणाला काय वाढणार? महिनाभर तिथं जेवा. ॲपऐवजी थेट फोन करून ऑर्डर द्या, म्हणजे कमिशन कापलं जात नाही. घरचं छोटं कार्य असेल तर जेवण त्यांनाच सांगा. ओळख झाली की मग विषय काढा, आणि तोही गर्दीत नको. दुपारची जेवणं आटोपली की मालक जरा टेकतात, ती वेळ गाठा.

शब्द जपून वापरा. मी पहिल्यांदा "उरलेलं काही असतं का?" असं विचारलं, तेव्हा मालकांचा चेहराच उतरला. "आमच्याकडे शिळं नसतं," म्हणाले. त्यांचं बरोबरच होतं. पातेल्यात राहिलेलं, कुणाच्या ताटात न गेलेलं अन्न वेगळं आणि उष्टं-शिळं वेगळं. आम्ही फक्त पहिलं नेतो, हे सुरुवातीलाच सांगा. अन्न वाया जाण्याचा ठपकाही हॉटेलांवर ठेवू नका. संयुक्त राष्ट्रांच्या अहवालानुसार २०२२ मध्ये जगात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेलं. त्यातलं ६० टक्के घरांतलं होतं, हॉटेलं आणि खानावळींचा वाटा २८ टक्के.

आता सगळ्यात जपायची गोष्ट. शिजवलेलं अन्न ५ ते ६० अंश सेल्सिअसच्या मधे राहिलं की जंतू झपाट्याने वाढतात. म्हणून दोन तासांहून जास्त वेळ बाहेर राहिलेलं काहीही मी घेत नाही, कितीही जीव तुटला तरी. भुकेल्या माणसाचं पोट बिघडलं तर त्याला दवाखान्यात नेणारंही कुणी नसतं. गरम न्यायचं तर वाफाळतं भरून लगेच निघायचं. फ्रिजमध्ये ठेवायचं असेल तर उथळ ट्रेमध्ये पसरायचं, कारण खोल पातेलं मधे तासन्‌तास कोमट राहतं. भाताच्या बाबतीत तर फारच कडक राहा. त्यातल्या काही जंतूंचं विष पुन्हा गरम केल्यानेही जात नाही. डब्यावर शिजवल्याची वेळ लिहून चिकटवा.

दिलेली वेळ पाळा. एका रात्री आमच्यातलं न्यायला कुणी गेलंच नाही, फोनही केला नाही. मालक बारा वाजेपर्यंत डबे भरून बसले आणि शेवटी सगळं टाकून दिलं. नंतर दोन महिने त्यांनी आम्हाला दारात उभं केलं नाही. तेव्हापासून प्रत्येक रात्रीसाठी दोन नावं ठरलेली असतात.

पण उरण्यावर किती विसंबणार? धंदा चांगला झाला की पातेलं रिकामं, आणि भूक तर रोजचीच. म्हणून जेवण विकत घ्या. शेफ होजे आंद्रेस यांनी २०१० मध्ये सुरू केलेल्या वर्ल्ड सेंट्रल किचन या मदतसंस्थेने २०२० च्या महामारीत हेच केलं. गिऱ्हाईक तुटलेल्या रेस्टॉरंटांना पैसे देऊन गरजूंसाठी जेवण करून घेतलं. स्वयंपाकघर चालू राहिलं, कामगारांचा पगार निघाला आणि लोक जेवले. आमच्या इमारतीतली बारा घरं दर महिन्याला ठरलेली रक्कम जमा करतात आणि दर गुरुवारी तीस ताटं होतात. भावात घासाघीस करत नाही, पैसे आगाऊ देतो.

आणि जेवणाऱ्यांचं म्हणणं आचाऱ्यापर्यंत पोचवा, ते बहुतेक जण विसरतात. निवाऱ्यातल्या एका आजोबांना दात नाहीत, त्यांना तिखटही सोसत नाही. मी आचाऱ्याला सहज बोलले. पुढच्या गुरुवारी तीस डब्यांच्या वर एक एकतिसावा डबा होता, मऊ शिजवलेला. झाकणावर मार्करने लिहिलं होतं, 'आजोबा'.