कॅनडाच्या पीआरसाठी (तिथं कायमचं राहायच्या परवान्यासाठी) बोटांचे ठसे द्यायला पुणं की मुंबई?

आपल्या सोलापुरातल्या बऱ्याच पोरांना वाटतं मुंबईच्या सेंटरला गेलं की काम लवकर होतं. तसं काही नाहीये. एक्सप्रेस एन्ट्रीचा, म्हणजे कुशल कामगारांच्या पीआरचा, अर्ज सगळा ऑनलाईन जातो, आणि सेंटरवाले फक्त ठसे न् फोटो घेऊन पुढं पाठवतात, निर्णय तिथं होतच नाही. मग सरळ पुणं घ्या, माझ्या भावाचं आम्ही तसंच केलं.

१. बायोमेट्रिकची, म्हणजे ठसे न् फोटोची, फी अर्जासोबतच भरा, एकट्याला ८५ कॅनेडियन डॉलर, कुटुंबाचा एकत्र अर्ज असेल तर जास्तीत जास्त १७०.
२. बायोमेट्रिकचं लेटर आलं की त्याच दिवशी अपॉइंटमेंट बघा, मुदत ३० दिवसांचीच असते.
३. वेळ दुपारची घ्या, म्हणजे सकाळी हुतात्मा एक्सप्रेसनं जाऊन संध्याकाळी त्याच गाडीनं परत येता येतं, लॉजचा खर्च वाचतो.
४. लेटरची प्रिंट आणि ओरिजिनल पासपोर्ट, दोन्ही पिशवीत आधीच टाका.

एक मात्र सांभाळा, लग्नसराईत बोटांच्या टोकांना मेंदी लावू नका आणि विळीवर बोट कापलं असेल तर ते भरल्यावरच जा, ठसा नीट उमटला नाही तर परत खेटा पडतो.