छापील मराठी पानातला मजकूर संगणकावर कसा उतरवून घ्यावा

जुन्या पुस्तकाची पानं टाइप न करता संगणकाकडून वाचून घ्यायची ठरवली, की पहिला सल्ला मिळतो तो सॉफ्टवेअर बदलण्याचा. हे नको, ते वापरून बघ. यात दिवस फुकट जातात. ओसीआरचं, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखून मजकूर करण्याचं, साधन कुठलंही घ्या, पानाची प्रतिमा नीट काळी-पांढरी झालेली नसेल तर मराठी मजकूर गचाळच निघणार. इंग्रजीत थोडी खराब प्रतिमा चालून जाते, कारण छापील इंग्रजी अक्षरं सुटी असतात. आपली अक्षरं शिरोरेषेनं एकमेकांना जोडलेली, वर मात्रा आणि अनुस्वार, खाली उकार. एक ठिपका गेला तरी शब्द बदलतो.

साधनं मोफत आहेत. पानं साफ करायला स्कॅन टेलर, वाचायला टेसरॅक्ट, आणि टेसरॅक्ट आज्ञा टाइप न करता माउसनं चालवायला जीइमेजरीडर. टेसरॅक्ट २००५ साली सगळ्यांसाठी खुलं झालं, आणि २०१८च्या चौथ्या आवृत्तीपासून ते सुटं अक्षर न बघता अख्खी ओळ न्यूरल नेटवर्कनं वाचतं. त्याआधीची आवृत्ती मराठीसाठी वापरू नका. भाषेच्या यादीतून मराठीचं मॉडेल, म्हणजे ती भाषा ओळखायला शिकवलेली फाइल, उतरवून घ्या. ‘फास्ट’ आणि ‘बेस्ट’ असे संच मिळतात, त्यातला ‘बेस्ट’ घ्या. वेळ जास्त लागतो, पण मागाहून मुद्रितशोधनात त्याहून जास्त वाचतो. ‘लिपी तीच आहे, हिंदी लावलं तरी चालतं’ असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. ‘ळ’ आणि ‘दुसऱ्या’तला ‘ऱ्या’ तिथेच मार खातात. इंग्रजीही सोबत जोडून ठेवू नका. पानावर खरोखर इंग्रजी शब्द असतील तरच जोडा, नाहीतर मराठी आकडे आणि दंड यांच्या जागी रोमन चिन्हं उगवतात.

हस्तलिखित आणि मोडी कागद यात घालू नका. हे मराठीचं मॉडेल छापील देवनागरीसाठी आहे.

एका प्रकारात मात्र काम फारच सोपं असतं: युनिकोड ही अक्षरांची आजची प्रमाण पद्धत रुळण्यापूर्वीच्या फाँटमध्ये टाइप केलेली पीडीएफ. पडद्यावर मराठी सुरेख दिसतं आणि कॉपी केलं की निरर्थक रोमन अक्षरं चिकटतात. तिथे फाँट बदलणारी साधनं शोधत बसण्यापेक्षा पीडीएफ सरळ जीइमेजरीडरमध्ये उघडा, रिझोल्यूशन ३०० ठेवा आणि वाचून घ्या. अक्षर स्वच्छ असतं, त्यामुळे साफसफाईचा टप्पा लागतच नाही.

फोटो

स्कॅनर असेल तर ३०० डीपीआय (दर इंचाला ३०० ठिपके), ग्रेस्केल (करड्या छटांत). मोबाइल असेल तर खिडकीजवळचा उजेड, फ्लॅश बंद, पान सपाट दाबून बरोबर वरून, एका वेळी एकच पान. ए-४ आकाराचा कागद ३०० डीपीआयला २४८० बाय ३५०८ पिक्सेल होतो, तेवढा तरी फोटो हवा. व्हॉट्सअ‍ॅपवरून साधा फोटो म्हणून पाठवलात तर तो दाबला जातो आणि अक्षरांच्या कडा फुटतात. केबलनं घ्या, नाहीतर डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

काळं-पांढरं करणं

फोटो स्कॅन टेलरमध्ये घेतलेत की ते डीपीआय विचारील. खरा आकडा माहीत नसेल तर ३०० द्या. दिशा, पानं वेगळी करणं, तिरकेपणा काढणं हे टप्पे त्याला आपोआप करू द्या आणि फक्त नजर टाका. शिरोरेषा आडव्या जाळीच्या रेषेला समांतर दिसली पाहिजे. मजकुराची चौकट निवडताना कडेचा बोटाचा ठसा, बांधणीची सावली, वाचनालयाचा शिक्का बाहेर ठेवा.

आता शेवटचा ‘आउटपुट’ टप्पा. सगळं काम इथे जमतं किंवा बिघडतं. मोड काळा-पांढरा, रिझोल्यूशन ६००. तिथे अक्षर बारीक किंवा जाड करणारी एक सरकपट्टी असते. बहुतेक जण तिला हात लावत नाहीत, किंवा पहिल्या चांगल्या पानावर ठरवून सगळ्या पुस्तकाला तेच लावतात. उलटं करा. सगळ्यांत वाईट छपाईचं पान घ्या, ३०० टक्के मोठं करा आणि पुढच्या अक्षरांकडे बघा.

‘ध’, ‘भ’ आणि ‘थ’ यांच्या डोक्यावर शिरोरेषेत फट असते. अक्षर जाड झालं की ती फट बुजते, मग ‘ध’चा ‘घ’, ‘भ’चा ‘म’ आणि ‘थ’चा ‘य’ होतो. ‘भात’ मागितला आणि ‘मात’ हाती आली, तर सरकपट्टी बारीककडे न्या. फार बारीक केलंत तर दुसरं संकट: ‘ब’च्या पोटातली तिरकी रेघ पुसट होऊन ‘व’ उरतो, ‘ष’चा ‘प’ होतो, आणि शिरोरेषा तुटून ‘घ’ आता ‘ध’सारखा दिसू लागतो. खिळ्यांच्या जुन्या छपाईत शाई एका पानावर पसरलेली आणि दुसऱ्यावर उडालेली असते, म्हणून एकच माप अख्ख्या पुस्तकाला बसत नाही. पानांचे दोन-तीन गट करा आणि प्रत्येकाला वेगळं माप लावा. वीस पानं हातानं बघायला वेळ जातो, पण दोनशे पानांतला प्रत्येक ‘घ’ तपासायला त्याहून कितीतरी जास्त जातो.

आणि त्याच पडद्यावर डाग काढण्याची सोय असते. ती बंद ठेवा. कागदावरचा काळा कण आणि अनुस्वार यांत या सॉफ्टवेअरला फरक कळत नाही. बारीक टाइपात अनुस्वार कणाएवढाच असतो. ‘दंगा’चा ‘दगा’ होतो, ‘वंदन’चं ‘वदन’ होतं, आणि दोन्ही शब्द शब्दकोशात असल्यामुळे शुद्धलेखन तपासनीसही गप्प बसतो. पानावर थोडे काळे ठिपके राहिले तर राहू द्या. उगाच आलेला ठिपका मूळ पानाशी ताडून काढता येतो. गेलेला अनुस्वार मात्र कुठे होता ते कळतच नाही.

१९६२च्या लेखननियमांआधीच्या पुस्तकांत हे दुप्पट लागू. ‘नांव’, ‘कांहीं’, ‘केलें’ असे अनुच्चारित अनुस्वार पानभर पसरलेले असतात. टेसरॅक्ट ओळीकडे बघून अंदाजही बांधतं, आणि ‘काही’ त्याच्या ओळखीचं असल्यामुळे पुसट ठिपका दिसला तर तो सोडून देतं. ठिपका ठळक राहिला तरच टिकण्याची आशा.

फ्लॅशचा पांढरा चट्टा पडून जिथे अक्षरच उडालंय, तिथे सरकपट्टीशी खेळू नका. त्या पानाचा फोटो पुन्हा काढा.

वाचून घेणं

स्कॅन टेलरनं बनवलेल्या टिफ प्रकारच्या चित्रफाइली जीइमेजरीडरमध्ये उघडा. एकाच रकान्याचं पान असेल तर पानाची मांडणी ‘मजकुराचा एकच सलग ठोकळा’ अशी निवडा. दोन रकाने असतील तर स्वयंचलित मांडणीवर विसंबू नका. माउसनं एकेक रकाना आखून क्रमानं वाचून घ्या, नाहीतर डावी-उजवी ओळ एकमेकांत मिसळते.

दुरुस्ती

ओळीच्या शेवटचे तोड आधी काढा, त्यासाठी तिथेच बटण आहे. मग शोधा-बदला, पण ‘सगळे बदला’ फार जपून.

‘ख’च्या जागी ‘रव’ येतं. एकगठ्ठा बदललंत तर ‘रविवार’ आणि ‘गौरव’ यांची वाट लागते. ‘दुसऱ्या’चं ‘दुसर्या’ होतं. पण ‘कार्याला’, ‘आचार्यांनी’ बरोबरच असतात, म्हणून ‘र्या’ एकेक करून बघा. शिवाय हा ‘ऱ्या’ युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो आणि दिसायला दोन्ही सारखेच असतात. एक शोधला तर दुसरा सापडत नाही. सुरुवातीलाच सगळे एका प्रकारात आणून घ्या. गद्य पुस्तकात पूर्णविराम टिंबाचा असेल तर अधेमधे आलेला उभा दंड हा बहुधा सुटलेला काना असतो. अभंग, ओव्या असतील तिथे मात्र दंड खराच असतो.

आकडे, सनावळ्या, किमती यांना कोणताही तपासनीस लावून उपयोग नाही. ‘१’ आणि ‘९’ प्रत्येक ठिकाणी मूळ पानाशी ताडून बघा.

मजकूर नको, फक्त शोधता येईल असं पुस्तक हवं असेल तर वाचन एचओसीआर प्रकारात (यात प्रत्येक शब्दाची पानावरची जागाही नोंदली जाते) करा आणि अदृश्य मजकूर असलेली पीडीएफ बनवा. वर पानाचं चित्र दिसतं, खाली शब्द असतात, आणि नव्वद टक्के शब्द बरोबर आले तरी शोध चालतो. साफ केलेल्या टिफ फाइली पुसू नका. टेसरॅक्टचं मराठी मॉडेल सुधारलं की त्याच पुन्हा वाचून घेता येतात.