कोरलमधून जेपीजी, पीएनजी काढताना या चुका टाळा

'आत्ता लहान काढू, लागलं तर नंतर वाढवू' असं म्हणून एक्स्पोर्ट मारणं ही सगळ्यात मोठी चूक, आणि रोज कोणाच्या ना कोणाच्या फाइलमध्ये तीच सापडते. कोरलड्रॉ किंवा इंकस्केपमधलं व्हेक्टर डिझाइन (ठिपक्यांचं नाही, रेषा-वळणांच्या गणितावर बनलेलं) भिंतीएवढं केलं तरी कडा धारदार राहतात. एकदा जेपीजी निघाला की पिक्सेल, म्हणजे चित्राचे ठिपके, ठरले. मग मोठं केलं तर नुसता धूसरपणा वाढतो.

एका पतसंस्थेच्या वर्धापनदिनाचा दहा बाय आठ फुटांचा फ्लेक्स होता. संध्याकाळी लोगो आला, २५०० बाय २५०० पिक्सेल, रेझोल्यूशन ३००, म्हणजे इंचाला ३०० पिक्सेल. आकडे बघून कोणीही पास केला असता. १०० टक्क्यांवर उघडला तर संस्थेच्या नावाची शिरोरेषा म्हणजे धुरकट पट्टा, आणि नोंदणी क्रमांकात ३ कुठला नि ८ कुठला ते कळेना. पाठवणाऱ्या मुलाला फोन केला. मूळ जेपीजी ६०० पिक्सेलचा होता. त्याने फोटोशॉपमध्ये रिसॅम्पलची (आकडा बदलला की नवे पिक्सेल भरणारी) टिक तशीच ठेवून ७२ च्या जागी ३०० टाकलं होतं. 'तीनशे लागतं ना सर?' मूळ सीडीआर, म्हणजे कोरलची फाइल, त्याच्याच कॉम्प्युटरवर पडून होती! ती मागवली. फ्लेक्सवर लोगो तीन फुटांचा, म्हणजे ३६ इंच गुणिले ७२, २५९२ पिक्सेल. नवी इमेज जवळपास तेवढ्याच पिक्सेलची, पण अक्षर न् अक्षर स्वच्छ.

म्हणून माझा पहिला प्रश्न कायम हाच: छापायचं केवढं? इंच गुणिले डीपीआय (इंचाला किती पिक्सेल तो आकडा), एवढाच हिशेब. साडेतीन बाय दोन इंचांचं व्हिजिटिंग कार्ड ३०० ला काढलं की १०५० बाय ६०० पिक्सेल होतं. दहा बाय आठ फुटांचा फ्लेक्स लांबून बघायचा असतो, त्याला ७२ पुरतं: ८६४० बाय ६९१२. तोच फ्लेक्स ३०० ला काढायचा हट्ट धरलात तर ३६००० बाय २८८०० होईल, मशीन अडकेल आणि छपाईत काडीचा फरक दिसणार नाही.

दुसरं दुखणं फॉन्टचं. श्रीलिपी फॉन्टमधला मजकूर तसाच ठेवून एक्स्पोर्टसाठी सीडीआर दुसऱ्याकडे धाडतात. तिकडे तो फॉन्ट नसला की लग्नपत्रिकेतल्या आजोबांच्या नावाची इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं होतात, आणि घाईत तशीच इमेज पुढे जाते. पाठवण्याआधी सगळं सिलेक्ट करून कंट्रोल-क्यू मारा, म्हणजे अक्षरांचे कर्व्ह, नुसते आकार, होतात आणि फॉन्ट लागत नाही. पॉवरक्लिपच्या (एका आकाराच्या आत दुसरं काही बसवलेलं असतं त्याच्या) आतली ओळ त्यातून सुटते, तिथे आत शिरून वेगळं कर्व्ह करा. हे सगळं कॉपीवर. मी फाइलच्या नावापुढे 'कर्व्ह' जोडतो आणि मूळ फाइलला हात लावत नाही, कारण कर्व्ह झाल्यावर ऱ्हस्व-दीर्घ सुधारायचं तर ती ओळ पुन्हा टाइप करावी लागते. नवशिक्यांना हे दोन मिनिटांचं काम जड जातं, त्याचा मला खरंच राग येतो.

बाकीचं थोडक्यात. जेपीजीत ट्रान्सपरंट बॅकग्राउंड राहत नाही. लोगोमागे पांढरा चौकोन नको असेल तर पीएनजी काढा. पांढऱ्यावर लाल अक्षरं असतील तरी पीएनजीच, जेपीजीत त्यांच्या कडेला घाण दिसते. मोबाइलवर बघायची इमेज आरजीबीत (स्क्रीनचे रंग) काढा, सीएमवायकेत (छपाईचे रंग) नको. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून नाही, डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

दोन आकार एकमेकांना चिकटून असले की एक्स्पोर्टनंतर मधे केसासारखी फिकट रेघ दिसते. ही कडा गुळगुळीत करणाऱ्या अँटी-अलायझिंगची करामत. ती बंद केली तर कडा दातेरी होतात. त्यापेक्षा खालचा आकार वरच्याखाली थोडा सरकवा.

इंकस्केपवाल्यांनो, तिथे डीपीआय आपोआप ९६ असतो, तो बदला. आणि 'ड्रॉइंग' नाही, 'पेज' निवडा, नाहीतर कडेची मोकळी जागा कापली जाते.