जुन्या प्रीअँप्लिफायरची घरच्या घरी दुरुस्ती

प्रीअँप्लिफायर म्हणजे क्षीण ध्वनिसंकेत वाढवून पॉवर अँप्लिफायरकडे पाठवणारे यंत्र. त्याचे झाकण उघडण्यापूर्वी प्लग काढावा आणि उघडल्यावर फिल्टर कपॅसिटरवरील (वीजपुरवठ्यातील चढउतार सपाट करणारा, भार साठवणारा भाग) डीसी व्होल्टेज मल्टिमीटरने मोजावे. व्हॉल्व्हच्या (काचेच्या निर्वात नळ्यांच्या) यंत्रात ते 250 ते 300 व्होल्टपर्यंत असू शकते, म्हणून 10 किलोओहम, 5 वॅटच्या रेझिस्टरमधून ते उतरवून पुन्हा मोजल्याखेरीज आत हात घालू नये. या बाबतीत कोणतीही सवलत घेऊ नये.

व्हॉल्यूम फिरवताना होणारी खरखर बहुधा पोटेन्शिओमीटरमधील (बटणामागचा, फिरवून बदलता येणारा रेझिस्टर) मळामुळे होते. कॉन्टॅक्ट क्लीनरची नळी त्याच्या टर्मिनलांजवळील फटीशी धरून थोडाच फवारा सोडावा आणि बटण या टोकापासून त्या टोकापर्यंत बऱ्याच वेळा फिरवावे. तरीही खरखर राहिली, तर पोटेन्शिओमीटर बदलण्याची घाई करू नये, कारण त्याच्या आधी जोडलेला कपलिंग कपॅसिटर (ध्वनिसंकेत पुढे जाऊ देऊन डीसी अडवणारा) गळका झाला की तेथे डीसी पोहोचते आणि अगदी तसाच आवाज येतो.

सतत येणारी गुणगुण वीजपुरवठ्याच्या दुप्पट वारंवारतेची असेल, तर फिल्टर कपॅसिटर संशयास्पद ठरतो. नवा कपॅसिटर तेवढ्याच मायक्रोफॅरडचा, तेवढ्याच किंवा अधिक व्होल्टचा घ्यावा आणि धन-ऋण टोके तपासूनच सोल्डर करावा. सरसकट सगळे कपॅसिटर बदलणे मला पटत नाही. चांगले फिल्म कपॅसिटर दशकानुदशके टिकतात, आणि एकावेळी एकच सुटा भाग बदलल्यास दोष नेमका कोठे होता हे कळते.

दुरुस्तीनंतर पहिल्यांदा वीज देताना यंत्राच्या वीजपुरवठ्याच्या तारेत सिरीजमध्ये बल्ब जोडावा. तो प्रखर पेटून तसाच राहिला, तर आत शॉर्ट आहे. पॉवर अँप्लिफायर जोडण्यापूर्वी आउटपुटवर डीसी नाही याची खात्री करावी.