मुलाकडे इंग्लंडला निघालात? गल्लीत राहायचं कसं ते ऐकून जा

ठाण्यातल्या कचराळी तलावाभोवती सकाळी फेऱ्या मारणाऱ्या आमच्या कंपूतले निम्मे लोक एप्रिल-मे आला की मुलांकडे पळतात. इंग्लंडला निघालेले मला गाठतात, कारण माझा मुलगा रेडिंगजवळ राहतो आणि पाचपाखाडीतल्या आमच्या सोसायटीचा मी बरीच वर्षं सेक्रेटरी होतो, म्हणजे मला सगळं ठाऊक असणार असा लोकांचा समज आहे. विचारतात मात्र भलतंच. थंडी किती, थर्मल किती जोड न्यायचे. ते मुलगा सांगेल. अडतं ते दुसरीकडे. व्हिजिटर व्हिसावर एका वेळी सहा महिन्यांपर्यंत राहता येतं, आणि मुलगा-सून कामाला गेले की दिवसभर त्या गल्लीत तुम्ही दोघंच. दोन्ही बाजूंना एकसारखी विटांची घरं आणि रस्त्यावर चिटपाखरू नाही.

सुरुवातीला वाटतं, कर्फ्यू लागलाय की काय. तसं नसतं. घरांत माणसं असतात, पडद्याआडून बघतही असतात. सेक्रेटरीच्या नजरेनं सांगतो, ही शांतता फुकट मिळालेली नाही. रोजच्या रोज सगळे मिळून ती राखतात, फक्त कमिटी नाही, नोटीस बोर्ड नाही आणि एजीएमची भांडणं नाहीत. तुम्ही तिथे राहायला गेलात की तुमच्या वाट्याचं काम तुमच्याकडे आलं.

कचऱ्यापासून सुरुवात करा, कारण गल्ली तुम्हाला जोखते ती तिथेच. आपली घंटागाडी रोज येते. तिथली बहुधा आठवड्यातून एकदा, आणि तीही सगळं एकदम नेत नाही. बऱ्याच ठिकाणी एका आठवड्याला साधा कचरा आणि पुढच्या आठवड्याला कागद-डबे-बाटल्या असं चालतं. चाकांचे उंच डबे असतात, रंग वेगवेगळे. कुठल्या रंगात काय टाकायचं ते प्रत्येक कौन्सिलचं, म्हणजे तिथल्या नगरपालिकेचं, निराळं, त्यामुळे बर्मिंगहॅममधल्या व्याह्यांचं ऐकून चालत नाही. कौन्सिलचं कॅलेंडर फ्रिजवर चिकटवा. डबा आदल्या संध्याकाळी फुटपाथच्या कडेला नेऊन ठेवायचा, झाकण पूर्ण मिटलेलं. झाकण उघडं राहिलं तर गाडीवाले तो तसाच सोडून जाऊ शकतात. बाजूला जादा पिशवी ठेवाल तर रात्री कोल्हा फाडून रस्ताभर पसरतो. हो, कोल्हाच. येऊरच्या जंगलातल्या बिबट्याच्या गोष्टी आपण ऐकतो, तिथे कोल्हा कुंपणाखालून रोज ये-जा करतो.

गाडी गेली की रिकामा डबा त्याच दिवशी आत घ्यायचा. आमच्या मुलाच्या शेजारी एक आजोबा आहेत. समोरची बाई कामावर गेलेली असली की ते तिचा डबा खडखड ओढत तिच्या दाराच्या बाजूला लावून येतात. कुणी सांगितलेलं नाही आणि त्याबद्दल कुणी काही बोलतही नाही. मी त्या आजोबांचा डबा आत ठेवायला लागलो. दुसऱ्याच आठवड्यात कुंपणापलीकडून हात वर झाला, मग हवापाणी सुरू झालं, मग गुडघे. ओळख करून घ्यायची याहून सोपी रीत मला सापडलेली नाही.

आता भिंत. अशा वसाहतीत घर बहुतेक सेमी-डिटॅच्ड असतं, म्हणजे एका छपराखाली दोन घरं आणि मधली भिंत सामाईक. आपल्याला वरच्या मजल्यावरच्या पाट्या-खुर्च्यांची सवय. तिथे बाजूच्याचं जिना उतरणं ऐकू येतं, तसंच तुमचंही त्याला. 1996 च्या नॉइज ॲक्टमध्ये रात्री 11 ते सकाळी 7 हे रात्रीचे तास धरलेत, पण गल्लीची रीत त्याहून कडक आहे. मिक्सर आणि व्हॅक्यूम सकाळी आठनंतर, रविवारी आणखी उशिरा. मिक्सर इथून नेला तर चालतो, व्होल्टेज 230 च आहे. फक्त तिथली पिन चौकोनी पायांची, तेव्हा ॲडॉप्टर लागतो. सगळ्यात मोठा आवाज मात्र आपल्या फोनचा. उन्हाळ्यात आपण त्यांच्या साडेचार तास पुढे असतो आणि हिवाळ्यात साडेपाच. ठाण्यातली बहीण सकाळी साडेनऊला निवांत झाली की तिथे पहाटेचे पाच. बोला, पण घरात बोला, आणि स्पीकर बंद ठेवून. मागच्या बागेत उभं राहून केलेला व्हिडिओ कॉल पाच घरांना ऐकू जातो. मराठी कळत नसलं तरी.

फोडणीचं वेगळं सांगतो. पॅसेजच्या छताला स्मोक अलार्म असतो आणि मोहरी-मिरचीच्या धुराला तो आग समजतो. फोडणी करण्याआधी ओट्यावरचा पंखा लावायचा, स्वयंपाकघराची खिडकी उघडायची आणि पॅसेजकडचं दार लोटून घ्यायचं. वाजलाच तर त्याच्याखाली नॅपकिन जोरात हलवा. अलार्मवर प्लास्टिकची पिशवी बांधायचा सल्ला आपल्यातलेच काही लोक देतात, तो मुळीच ऐकू नका. घरात लाकूड फार असतं, जिनासुद्धा लाकडाचा.

दुपारी बेल वाजली तर ती नव्वद टक्के पार्सलची, आणि पार्सल बहुधा शेजारच्याचं. दिवसभर घरात असणारं म्हातारं माणूस गल्लीला फार उपयोगाचं असतं. घ्या ठेवून. कुरियरवाला शेजारच्या दाराच्या फटीतून एक चिठ्ठी आत टाकतो, तुमचा घरनंबर लिहून. शेजारचा पोरगा संध्याकाळी सातला येतो, उंबऱ्याबाहेर उभा राहून दोनदा सॉरी आणि तीनदा थँक्यू म्हणतो. ‘या ना, चहा घ्या’ आपल्या ओठावर येतं. आलं तर म्हणा, पण तो आत आला नाही म्हणून वाईट वाटून घेऊ नका. तिथे दारात उभं राहून पाच मिनिटं बोलणं हीच भेट. कुणाकडे जायचं तर आधी मेसेज टाकून विचारायचं. न सांगता जाणं आमच्या घंटाळीला चालतं, तिथे नाही.

दिवाळीला फराळाची ताटली मात्र बिनधास्त द्या, फक्त दाणे-काजू कशात आहेत ते कागदावर लिहून. ॲलर्जीचं ते फार मनावर घेतात. फराळ तिथेच करायचा. भारतातून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत, त्यामुळे साजूक तूप आणि पेढे ठाण्यातच राहू द्यात. ताटली रिकामी परत येईल, धुऊन-पुसून. आमच्या सौभाग्यवतींना ते खटकलं होतं. पण त्याची भरपाई सप्टेंबरात होते. ज्यांच्या बागेत सफरचंदाचं झाड आहे ते जादाची फळं खोक्यात भरून घरासमोरच्या बुटक्या भिंतीवर ठेवतात, हवी त्यानं न्यावीत म्हणून. त्यात ब्रॅमली जातीची, मोठी, हिरवी आणि आंबटढाण निघाली तर सोडू नका. कैरीच्या जागी ती घालून मेथांबा फर्मास होतो. फोडी लगेच विरघळतात, म्हणून गूळ आधी वितळवून घ्यायचा. आजोबांना बरणी दिली. ते ती चीजबरोबर खातात. असो.

फटाक्यांचं ऐकून सेक्रेटरी म्हणून मला आनंद झाला होता. एरवी रात्री 11 ते सकाळी 7 बंदी, पण दिवाळीच्या रात्री कायद्यानंच 1 वाजेपर्यंत सूट. त्यांच्या स्वतःच्या फटाक्यांच्या सणाला, 5 नोव्हेंबरच्या बॉनफायर नाइटला, 12 पर्यंतच! तरी गल्लीत कुत्री फार आहेत, साडेनऊला आटपा.

औषधांचं थोडक्यात. नेहमीच्या गोळ्या पूर्ण मुक्कामाच्या आणि डॉक्टरांची चिठ्ठी बरोबर घ्या. विमा काढल्याशिवाय विमानात पाय ठेवू नका. अपघात विभागातले उपचार पाहुण्यालाही फुकट असतात, पण तिथून वॉर्डात दाखल झालात की एनएचएसच्या, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या, दराच्या दीडपट बिल लागतं. जिवावर बेतलं तर 999, नुसता सल्ला हवा तर 111.

राहिला वेळ घालवायचा प्रश्न, आणि खरा त्रास तोच. आपल्याला राम मारुती रोडवर एक चक्कर मारली की चार माणसं भेटतात. तिथे माणसं भेटायच्या जागा ठरलेल्या असतात, त्या शोधाव्या लागतात. कौन्सिलची लायब्ररी ही पहिली. कुणी कार्ड विचारत नाही, बसा वाचत. बऱ्याच चर्चमध्ये आठवड्यातून एकदा कॉफी मॉर्निंग असते, धर्म विचारत नाहीत, केक मात्र खावाच लागतो. घरांच्या मागून शेतांतून जाणाऱ्या सार्वजनिक पायवाटा असतात. खांबावर पिवळा बाण दिसला की वाट चालायला खुली, मालकाची परवानगी लागत नाही. फाटक उघडलंत तर मागे लावून घ्या. चॅरिटी शॉपमध्ये, म्हणजे धर्मादाय संस्थेच्या जुन्या वस्तूंच्या दुकानात, मदतीलाही जाता येतं, पण व्हिजिटर व्हिसावर नोंदणीकृत संस्थेत एकूण 30 दिवसांपर्यंतच. पगाराचं काम काहीही नाही. मराठी ऐकायला कान आसुसले तर लंडनला डॉलिस हिलमध्ये महाराष्ट्र मंडळाची स्वतःची वास्तू आहे, मंडळ 1932 चं. रविवारचा एखादा कार्यक्रम गाठा. त्या दिवशी बाजारहाट उरकायची असेल तर घड्याळ बघा, मोठ्या दुकानांना रविवारी सहाच तास मुभा आहे.

तिकिटाची तारीख तुमच्या हातात असेल तर परतीची ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारच्या आधीची घ्या, मग दिवाळी हुकली तरी हरकत नाही. त्या रविवारी घड्याळं तासभर मागे जातात आणि पाचच्या आत अंधार पडतो. डिसेंबरात तर चारलाच. जूनमध्ये त्याच गल्लीत रात्री साडेनऊला उजेड असतो आणि जेवणानंतर शतपावली होते. मुलगा म्हणेल, ख्रिसमसला या, दिवे छान असतात. त्याला सांगा, दिव्यांचे फोटो पाठव.