इंदूरच्या दौऱ्यात आवाज सांभाळताना

इंदुरात ‘सानंद’ या मराठी नाटकांचे प्रयोग भरवणाऱ्या संस्थेच्या सभासदांसाठी एकाच नाटकाचे प्रयोग शनिवार-रविवारी लागोपाठ होतात, त्यामुळे पहिल्या रात्रीची हयगय दुसऱ्या दिवशी थेट रंगमंचावर ऐकू येते. मुंबईहून जवळपास ६०० किलोमीटरचा प्रवास वातानुकूलित बसने होत असेल, तर नाका-तोंडावर सुती रुमाल बांधावा आणि अधूनमधून कोमट पाण्याचे दोन घोट घ्यावेत. खरी परीक्षा प्रयोगानंतर असते. सराफ्यातील, म्हणजे सराफ बाजारातील, सोन्या-चांदीच्या पेढ्या मिटल्यावर तिथे खाऊगल्ली भरते आणि थंडीतले गराडू (तळलेला कंद) किंवा भुट्ट्याचा कीस यांचा मोह आवरत नाही. परंतु मध्यरात्री तळलेले, तिखट खाऊन लगेच आडवे झाल्यास पोटातील आम्ल घशापर्यंत येते, स्वरतंतू सुजतात आणि सकाळी आवाज खरखरीत निघतो. म्हणून सराफ्यात जरूर जावे, मात्र शेवटचा प्रयोग झाल्यावर. मधल्या रात्री यजमानांनी कितीही प्रेमाने आग्रह केला तरी मुगाच्या डाळीची खिचडीच मागून घ्यावी. एवढे करूनही आवाज बसलाच, तर कुजबुजत बोलू नये, कारण त्यानेही स्वरतंतूंवर ताण पडतो. पूर्ण मौन पाळावे आणि साध्या पाण्याची वाफ घ्यावी.