ट्यूब बदलताना गिटार अ‍ॅम्पचं सॉकेट सांभाळा

ईएल३४ किंवा ६एल६ या मोठ्या पॉवर ट्यूबच्या आठ पिनांच्या सॉकेटमध्ये सगळ्यात जास्त जपायची ती पाच नंबरची पिन. कंट्रोल ग्रिडला, म्हणजे ट्यूबमधला करंट आवरणाऱ्या जाळीला, निगेटिव्ह बायस (करंट मर्यादेत ठेवणारं ऋण व्होल्टेज) तिथून मिळतो. त्या पिनेची पकड सुटली की करंटवर ताबा राहत नाही, प्लेट (ट्यूबमधला धातूचा पत्रा) लाल होते आणि नवी कोरी ट्यूब बघता बघता जळते. कधी सोबत स्क्रीनचा (ट्यूबमधल्या दुसऱ्या जाळीचा) रेझिस्टरही जातो. २ आणि ७ या हीटरच्या, म्हणजे ट्यूब आतून तापवणाऱ्या तारेच्या पिना. ईएल३४ चा हीटर ६.३ व्होल्टवर दीड अँपिअर घेतो. पकड ढिली असेल तर सॉकेटमधली पिन धरणारी पत्ती तापते, तापून तिचा ताण आणखी उतरतो. म्हणून खरखर ऐकू आली की आधी सॉकेट तपासा, मग ट्यूबला दोष द्या.

अ‍ॅम्प बंद करून प्लग काढा आणि अर्धा तास थंड होऊ द्या. गरम ट्यूब फडक्याने धरून घाईघाईत ओढली की हात तिरका जातो आणि पत्त्या फाकतात. मोठ्या ट्यूबच्या बुडाशी पकडणारी स्प्रिंग असेल तर ती दाबून सोडवा. हात काचेला नको, खालच्या बेसला. अगदी थोडं मागेपुढे हलवत सरळ वर ओढा. गोल गोल फिरवून उपटू नका.

१२एएक्स७ आणि ईएल८४ या लहान, नऊ पिनांच्या ट्यूबना बेस नसतो, पिना थेट काचेतून निघतात. वर शील्ड (धातूचं टोपण) असेल तर ती दाबून डावीकडे फिरवली की सुटते. मग काच जितकी खाली धरता येईल तितकी धरा. वाकडी पिन बसवण्याआधीच नोकदार चिमट्याने हळूच सरळ करा. सॉकेटमध्ये रेटून सरळ करायला गेलात तर पिनेच्या मुळाशी काच तडकते. सॉकेट थेट सर्किट बोर्डावर सोल्डर केलेलं असेल तर जोर आणखी कमी लावा, कारण बोर्ड वाकून सोल्डरला भेगा पडतात.

मोठी ट्यूब बसवताना मधल्या खुंटीची उभी कड सॉकेटच्या खाचेत आली पाहिजे. खुंटी तुटलेली ट्यूब वापरूच नका. ती चुकीच्या दिशेने बसली तर प्लेटचे चारशेहून जास्त व्होल्ट भलत्याच पिनेवर जातात.

मुंबई, कोकण, गोव्याच्या खाऱ्या दमट हवेत पत्त्या लवकर काळवंडतात. दातांच्या फटीत घालायचा बारीक ब्रश ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवून प्रत्येक भोकात फिरवा, पूर्ण सुकू द्या, मग ट्यूब दोन-तीनदा घालून काढा. सॉकेटवर स्प्रेचा फवारा नको: राहिलेल्या ओलाव्यात धूळ चिकटते आणि ठिणगीला वाट मिळते. सँडपेपरने पत्तीचा मुलामा निघतो.

पकड ढिली असेल तर पत्त्या आवळाव्या लागतात, पण आधी कपॅसिटर (वीज साठवून ठेवणारे भाग) रिकामे करायलाच हवेत. प्लग काढल्यावरही त्यांत जीवघेणा विद्युतदाब असतो. १० किलोओहम, १० वॅटचा रेझिस्टर घ्या, त्याचं एक टोक क्लिपने चॅसिसला (अ‍ॅम्पच्या धातूच्या सांगाड्याला) लावा आणि दुसरं टोक इन्सुलेटेड प्रोबने प्रत्येक फिल्टर कपॅसिटरच्या पॉझिटिव्हला दहा सेकंद टेकवा. दुसरा हात लांब ठेवा. मल्टिमीटरवर शून्याजवळ आकडा दिसल्याशिवाय आत बोट घालू नका. हे काम पूर्वी केलेलं नसेल तर तंत्रज्ञाकडे द्या. मग पत्ती आणि सॉकेटच्या भिंतीमध्ये बारीक टोच्या घालून पत्ती किंचित मध्याकडे ढकला आणि मेलेल्या ट्यूबने पकड पाहा. जास्त वाकवली तर पत्ती तुटते.

सॉकेटच्या २ आणि ३ नंबरच्या भोकांमध्ये काळी रेघ दिसली तर ती ठिणगीने जळून झालेली कार्बनची वाट आहे. ती खरवडून काढली तरी ती दुरुस्ती फार दिवस टिकत नाही. सॉकेट बदला, शक्यतो सिरॅमिकचं घ्या. नऊ पिनांचं नवं सॉकेट सोल्डर करताना त्यात मेलेली ट्यूब घालून ठेवा, म्हणजे पत्त्या तिरक्या गोठणार नाहीत.